आभाळातले जंतू : पाहुणे की घरचेच?

पुण्याच्या स्वारगेटवरून भोरची एस. टी. धरली, की कात्रज ओलांडून गाडी खेड शिवापूरच्या खोऱ्यात उतरते. मग नसरापूर, कामथडी, कापूरहोळ अशी भोर तालुक्यातली गावं येतात. पश्चिमेला लांबवर राजगड-तोरण्याच्या रांगा दिसतात. खिडकीशी बसलेली मुलं बहुतेक वेळा हॉटेलांच्या पाट्या वाचत बसतात. पण आज आपल्याला बघायचा आहे दगड! रस्त्यासाठी जिथे टेकडी कापली आहे, तिथला काळा, राकट दगड.

कामथडीच्या शिवारात कुणी विहीर खणायला घेतली, तर वर माती लागते, तिच्याखाली मुरूम आणि मग एक दिवस पहारीचा आवाज बदलतो. "कातळ लागला!" असं म्हणून माणसं कपाळाचा घाम पुसतात. हा कातळ म्हणजे बेसॉल्ट. भोर-वेल्ह्याचे डोंगर, किल्ले, नदीतले धोंडे, देवळाच्या पायऱ्या आणि आजीचा पाटा-वरवंटा, सगळं एकाच भट्टीतून निघालेलं आहे.

तुम्ही म्हणाल, "लेख जीवसृष्टीवरचा आणि सुरुवात दगडाने? हे काय?" थांबा जरा. दगडाची गोष्ट कळली, की पुढची गंमत कळेल.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे ना डोंगर होते, ना नद्या. जमिनीला लांबलचक भेगा पडल्या होत्या आणि त्यांतून लाव्हा उसळत होता. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. त्याचे थर एकावर एक साचत गेले. सह्याद्रीत काही ठिकाणी या थरांची जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत भरते. आज उरलेला हा काळा पसारा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा आहे. लाव्हाचं तापमान हजार-अकराशे अंश सेल्सिअस! तुमच्या घरचं पाणी १०० अंशाला उकळतं, हे आठवा. तर त्या लाव्हात एकही जीव असणं शक्य नव्हतं. एक जंतूसुद्धा नाही. पृथ्वीवर 'कोरी पाटी' म्हणून दाखवायची झाली, तर गोठलेल्या लाव्हापेक्षा चांगली पाटी मिळायची नाही.

आणि आज? त्याच कातळावरच्या चमचाभर मातीत कोट्यवधी जिवाणू आहेत. भाताची खाचरं आहेत, करवंदाच्या जाळ्या आहेत, खेकडे आहेत, मोर आहेत आणि पुस्तकात नाक खुपसून बसलेले तुम्ही आहात! कोऱ्या पाटीवर हे सगळं लिहिलं कुणी? आलं कुठून?

एकेका थरावर जीव किती चटकन परत येत होता, याचा पुरावाही मिळतो. लाव्हाचा एक लोट येऊन गेला, की दुसरा येईपर्यंत कधीकधी हजारो वर्षं जात. तेवढ्यात दगड झिजून माती होई, तळी साचत, झाडं उगवत. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच दोन थरांच्या मधल्या गाळात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले. १८४७ साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांचं वर्णन केलं. वरळीला, दोन ज्वालामुखींच्या मध्ये, डबक्यात डराव डराव करणारे बेडूक! कल्पना करून बघा.

मसाल्याच्या डब्यातला अंतराळवीर

कोऱ्या दगडावर पहिला पाय कोण रोवतो, हे बघायला कोटी वर्षं मागं जायला नको. कुठल्याही जुन्या कातळापाशी उकिडवं बसा. त्यावर राखाडी, फिकट हिरवे, कधी पिवळसर असे डाग दिसतील. रंग सांडल्यासारखे. ते डाग जिवंत आहेत बरं का! त्यांना म्हणतात दगडफूल. गोड्या मसाल्यात आई जे दगडफूल घालते, ते याच कुळातलं. मात्र मसाल्यातलं पुष्कळदा झाडांच्या सालीवर वाढलेलं असतं. नाव दगडाचं आणि बिऱ्हाड झाडावर!

दगडफूल हे फूल नाही आणि ती एक वनस्पतीही नाही. ते दोघांचं भागीदारीतलं दुकान आहे. एक भागीदार बुरशी, दुसरा शेवाळ. बुरशी घर बांधते, दगडाला घट्ट धरते, ओल साठवते. शेवाळ उन्हावर अन्न शिजवतं. दोघं मिळून अशा जागी संसार थाटतात, जिथे एकट्याचा निभाव लागला नसता. त्यांच्यातून जी आम्लं पाझरतात, ती दगड अगदी हळूहळू कुरतडतात. वाढ वर्षाला जेमतेम मिलिमीटर, पुष्कळदा तेवढीही नाही. पण घाई कुणाला आहे?

एक सोपा प्रयोग करून बघा. उन्हाळ्यात कोरडं ठणठणीत दगडफूल शोधा, त्यावर थोडं पाणी शिंपडा आणि भिंगातून बघत राहा. काही मिनिटांत त्याच्यावर हिरवी झाक चढू लागेल. वरची बुरशीची साय ओली झाली की पारदर्शक होते आणि आतलं शेवाळ दिसू लागतं. महिनोन् महिने निपचित पडलेला जीव पाण्याच्या चार थेंबांनी कामाला लागतो.

ही चिवटपणाची गोष्ट शास्त्रज्ञांना माहीत होतीच. २००५ साली युरोपीय अंतराळ संस्थेने दोन जातींची दगडफुलं (मसाल्यातली नव्हेत, थंड प्रदेशांतल्या दगडांवरची) फोटॉन या यानातून अवकाशात नेली आणि तिथे डब्याचं झाकण चक्क उघडलं! ना हवा, ना पाणी, वर सूर्याचे जहाल अतिनील किरण. सुमारे पंधरा दिवस ती तशीच उघड्यावर होती. परत आणून ओली केली, तर बहुतेकांनी पुन्हा काम सुरू केलं. तुम्हा-आम्हाला त्या जागी विनापोशाख एक मिनिटही काढता येणार नाही.

जपानी शास्त्रज्ञांनी तर त्याहून लांबचा प्रयोग केला. त्याचं नावही गोड आहे, 'तानपोपो'. वाऱ्यावर म्हाताऱ्या सोडणारं एक रानफूल असतं, त्याचं हे जपानी नाव. २०१५ पासून त्यांनी एका चिवट जिवाणूचे सुकवलेले थर अवकाशस्थानकाच्या बाहेर टांगून ठेवले. तीन वर्षांनी तपासलं, तर अर्ध्या मिलिमीटरहून जाड थरांतले जिवाणू जिवंत निघाले. कसे माहीत आहे? वरवरचे सगळे किरणांनी मेले आणि त्यांच्या मृत थराचीच आतल्यांवर सावली पडली.

आता तुमच्या मनात यायला हवा तोच प्रश्न कित्येक शास्त्रज्ञांच्या मनात आला. जीव जर अवकाशात तगून राहू शकतो, तर तो एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जातही असेल का? आपल्या पृथ्वीवरचं पहिलं बी बाहेरूनच तर पडलं नसेल?

आभाळातून विरजण

या कल्पनेच्या मागे हात धुऊन लागले होते इंग्लंडचे फ्रेड हॉईल आणि त्यांचे श्रीलंकेत जन्मलेले सहकारी चंद्रा विक्रमसिंघे. त्यांचं म्हणणं असं : सूक्ष्म जीव अवकाशात सगळीकडे विखुरलेले आहेत आणि धूमकेतूंच्या धुळीबरोबर ते ग्रहांवर पडत असतात. दुधात विरजण पडावं तसं पृथ्वीवर जीवनाचं विरजण आभाळातून पडलं, आणि अजूनही पडतं आहे!

या हॉईलसाहेबांचे केंब्रिजमधले विद्यार्थी म्हणजे आपले जयंत नारळीकर. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले. पुण्याच्या 'आयुका' या संस्थेचे संस्थापक-संचालक. 'प्रेषित', 'वामन परत न आला' या त्यांच्या कादंबऱ्या तुम्ही नसतील वाचल्या, तर तुमच्या आईबाबांनी नक्की वाचल्या असतील. मुलं सही मागायला आली, की ते म्हणत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही मिळेल! २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

नारळीकरांनी काय केलं? गुरूंच्या म्हणण्यावर नुसती मान डोलावली नाही, की "छे! काहीतरीच" असंही म्हटलं नाही. ते म्हणाले, जंतू वरून पडत असतील, तर वर जाऊन बघू या.

वर म्हणजे किती वर? जमिनीजवळची हवा तपासून उपयोग नाही. तिथे आपलेच जंतू भरलेत. विमानं दहा-बारा किलोमीटरवरून उडतात, तिथेही वादळं जमिनीवरचं काहीबाही उडवून नेतात. म्हणून ठरलं, ४१ किलोमीटरपर्यंत जायचं. पुण्याहून कामथडी जेवढी लांब आहे ना, साधारण तेवढंच अंतर, पण सरळ वर! तिथे हवेचा दाब जमिनीवरच्या एक टक्क्याहूनही कमी. ओझोनचा बराचसा पडदा खाली राहिलेला, त्यामुळे अतिनील किरणांचा मारा. तिथे जंतू सापडले, तर ते तिथे गेले कसे, असा प्रश्न पडायलाच हवा.

इतक्या उंच विमान जात नाही आणि उपग्रह इतक्या खाली टिकत नाही. तिथे रेंगाळत राहतो तो फुगा. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र आहे. तिथून जानेवारी २००१ मध्ये पहिला प्रयोग झाला. जिवंत पेशींच्या खुणा मिळाल्या आणि जगभर गलका झाला. पण शंकाही निघाल्या. मग २० एप्रिल २००५ रोजी दुसरा, अधिक कडेकोट प्रयोग झाला. फुगा केवढा? २ कोटी ६७ लाख घनफूट! त्याखाली ४५९ किलो वजनाची उपकरणं, जी ३८ किलो द्रवरूप निऑनमध्ये बुडवून ठेवलेली होती.

निऑन कशाला? इथे खरी हुशारी आहे. एवढ्या उंचावर हवाच इतकी विरळ, की कुपीचं तोंड उघडलं तर हाती लागणार काय? फार तर चिमूटभर हवा. पण द्रवरूप निऑन असतं शून्याखाली सुमारे २४६ अंश. त्यात बुडालेल्या पोलादी कुपीत हवा शिरली, की क्षणात तिचा बर्फ होतो. बर्फ झाला की जागा रिकामी. रिकाम्या जागेत आणखी हवा शिरते, तिचाही बर्फ. म्हणजे कुपी आपोआप हवा ओढत राहते, पंपाशिवाय! अशा सोळा कुप्या होत्या. त्या आधीच निर्जंतुक आणि निर्वात केलेल्या होत्या. २० ते ४१ किलोमीटर या वेगवेगळ्या उंचींवर त्या उघडल्या, मिटल्या आणि पॅराशूटने खाली उतरल्या.

कुप्या उघडल्या त्या दोन ठिकाणी : हैदराबादची पेशीविज्ञानाची राष्ट्रीय प्रयोगशाळा, म्हणजे सी. सी. एम. बी., आणि पुण्याची राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था, म्हणजे एन. सी. सी. एस. पुण्यात योगेश शौचे आणि हैदराबादला एस. शिवाजी हे या कामात होते. दोन ठिकाणी का? वार्षिक परीक्षेचा पेपर दोन परीक्षकांनी एकमेकांना न विचारता तपासावा, तसं. दोघांचे गुण जुळले तर भरवसा वाढतो.

निकाल इस्रोने मार्च २००९ मध्ये जाहीर केला. जिवाणूंच्या १२ वसाहती मिळाल्या आणि बुरशीच्या ६. त्यांपैकी नऊ पृथ्वीवरच्या माहितीतल्या जातींशी ९८ टक्क्यांहून जास्त जुळत होत्या. पण तीन जिवाणू अगदी नवे निघाले! विज्ञानाच्या वहीत त्यांची नोंदच नव्हती. त्यांचं बारसं झालं. एकाचं नाव हॉईल यांच्यावरून 'जॅनिबॅक्टर हॉयली', दुसऱ्याचं इस्रोवरून 'बॅसिलस इस्रोनेन्सिस' आणि तिसऱ्याचं आपल्या प्राचीन गणितज्ञावरून 'बॅसिलस आर्यभट्टाय'. अतिनील किरण सोसण्याची ताकद या तिघांत आपल्या भाईबंदांपेक्षा जास्त होती.

झालं! काही वर्तमानपत्रांनी तेव्हा मथळे दिले, जणू परग्रहवासी सापडलेच. पण खुद्द निकालात अगदी सावध शब्द होते : हे जीव पृथ्वीबाहेरून आलेत, असं यावरून सिद्ध होत नाही. काम चालू ठेवायला हुरूप मात्र येतो. मला या प्रयोगातली सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. ज्या कल्पनेचा पाठपुरावा केला, तिच्या बाजूने काहीतरी हाती लागल्यावरही 'सिद्ध झालं' न म्हणणं सोपं नसतं.

मग खरं काय?

चला, आता आपणच पंच होऊ या.

पहिली शंका : भेसळ. दूध उकळून उघडं ठेवलं, तर विरजण न लावताही ते नासतं. जंतू हवेतून पडतात, भांड्यावरून येतात, हातावरून येतात. फुग्याच्या प्रयोगातही जमिनीवरचे जंतू चिकटून वर गेले असतील का? कुप्यांची काळजी फार घेतली होती, त्यामुळे ही शंका बरीच कमी होते. अगदी शून्य होते, असं कुणी म्हणणार नाही.

दुसरी शंका : समजा जंतू खरोखर ४१ किलोमीटरवरच मिळाले. तरी ते वरून आले की खालून गेले? मोठे ज्वालामुखी राख कितीतरी उंच फेकतात. धूळ वर चढते. उलट वरूनही पृथ्वीवर रोज कित्येक टन बारीक धूळ पडत असतेच. दोन्ही बाजूंनी रहदारी आहे.

तिसरा मुद्दा नातेवाइकांचा. या तिघांच्या पेशींतही तेच डी. एन. ए., जे तुमच्यात, भातात आणि बेडकात आहे. तीच चार अक्षरांची बाराखडी. नातीही आपल्याच जिवाणूंशी लागतात. साधा माणूस म्हणेल, "मग हे घरचेच!" पण हॉईल यांच्या बाजूचा माणूस लगेच म्हणेल, "अहो, नाती लागणारच! पृथ्वीवरचे जीवही मुळात तिथूनच आले ना? एकाच घराण्यातले सगळे."

चलाख आहे की नाही? पण नीट विचार करा. जंतू वेगळे निघाले तर "बघा, बाहेरचे!" आणि सारखे निघाले तर "बघा, एकाच घराण्यातले!" दोन्ही बाजूंनी जो जिंकतो, त्याच्याशी पैज लावण्यात अर्थ नसतो. ज्या म्हणण्याला चूक ठरवायची वाटच नाही, ते म्हणणं विज्ञानात फार लंगडं समजतात.

आणि पुढे काय झालं, ते ऐका. आभाळात सापडलेला तो 'आर्यभट्टाय' जिवाणू नंतर जमिनीवरही सापडू लागला. सोयाबीनच्या मुळांशी सापडला. ब्राझीलच्या कोरड्या मुलखात एका निवडुंगाच्या मुळांजवळच्या मातीत सापडला. तिथल्या शास्त्रज्ञांनी तर त्याचा उपयोग मक्याच्या पिकाला दुष्काळ सोसायला मदत व्हावी म्हणून केला! ज्याला पाहुणा समजत होतो, तो शेजारच्याच वाड्यातला निघाला. माझं मत विचाराल, तर हे तिघंही इथूनच वर गेलेले असावेत. मात्र त्यामुळे प्रयोग वाया गेला असं मुळीच नाही. तीन नवे जिवाणू तर त्यातूनच कळले!

खरा परका जीव ओळखायचा कसा, याची एक युक्ती मात्र ध्यानात ठेवा. दारातल्या चपला बघा. डावी आणि उजवी दिसायला सारख्या, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांचेही असेच डावे-उजवे प्रकार असतात. पृथ्वीवरच्या सगळ्या जीवांनी प्रथिनांसाठी डावेच निवडले आहेत. देवमाशापासून दह्यातल्या जिवाणूपर्यंत सगळ्यांनी! उद्या कुठे 'उजव्या' प्रथिनांवर चालणारा जीव मिळाला, तर तो घरचा नव्हे, हे जवळजवळ नक्की. हॉईल यांच्या बाजूलाही तिथे "एकाच घराण्यातले" म्हणता येणार नाही.

कामथडीचा भाऊबंद

आता जरा मंगळाकडे वळू. मंगळाच्या जमिनीचा मोठा भाग कशाचा आहे, सांगा पाहू? बेसॉल्टचाच! आणि याचा एक नमुना आपल्या देशात आपणहून चालत आला आहे. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमध्ये शेरघाटी इथे आकाशातून एक दगड पडला. पुढे शंभरहून जास्त वर्षांनी कळलं, की तो मंगळाचा तुकडा आहे. कसं कळलं? शेरघाटीच्याच जातीचा एक दगड अंटार्क्टिकाच्या बर्फात मिळाला होता. त्यात बंदिस्त झालेली हवा, मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांनी मोजलेल्या हवेशी तंतोतंत जुळली. म्हणजे दगड ग्रहाग्रहांत प्रवास करतात, यात शंका राहिलेली नाही. शंका आहे ती त्यावरच्या उतारूंबद्दल.

या व्हायकिंग यानांची गोष्टही चटका लावणारी आहे. १९७६ साली दोन यानं मंगळावर उतरली. त्यांनी तिथल्या मातीला पातळ खाऊ भरवला आणि वाट पाहिली. कुणी खाल्लं, तर वायू सुटेल. आणि वायू सुटला! शास्त्रज्ञ हरखले. पण दुसऱ्या उपकरणाला त्याच मातीत सजीवांची सामग्री सापडेना. खाणारा कुणी नाही आणि ताट मात्र रिकामं! बहुतेकांनी ठरवलं, ही मातीतल्या रसायनांची करामत. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाची क्षारं मिळाली. माती तापवली की ही क्षारं सेंद्रिय पदार्थ जाळून टाकतात. आणि व्हायकिंगने माती तापवूनच तपासली होती! तेव्हा तो वाद आजही पुरता मिटलेला नाही.

आज मंगळाचा वरचा थर म्हणजे कोरडा, गारठलेला आणि किरणांनी भाजलेला. जीव असलाच, तर खाली दडलेला असेल. आणि खाली, उजेडाशिवाय, कुणी राहू शकतं का? याचं उत्तर कामथडीपासून दक्षिणेला, सातारा जिल्ह्यातल्या कोयनेच्या खोऱ्यात मिळतं.

कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. धरणाजवळ भूकंप का होतात, हे समजून घ्यायला भूविज्ञान मंत्रालयाने तिथे खोल विंधन केलं. कराडला त्यासाठी खास प्रयोगशाळा आहे. गोठणे गावाजवळचं भोक २०१७ पर्यंत ३ किलोमीटर खोल गेलं. सव्वा किलोमीटरभर आपला ओळखीचा काळा बेसॉल्ट आणि त्याखाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट. आय. आय. टी. खरगपूरच्या शास्त्रज्ञांनी या परिसरातल्या खोल विवरांतलं पाणी आणि दगड तपासले, तर तिथेही जिवाणूंच्या खुणा! अशा खोलीत ऊन नाही, झाडाचं पान नाही. असे जिवाणू दगड आणि पाणी यांच्या झटापटीतून सुटणारा हायड्रोजन, गंधकाची आणि लोखंडाची संयुगं, असल्या गोष्टींवर गुजराण करतात. ज्या कातळाला आपण निर्जीव म्हणून लाथ मारतो, त्याच्या पोटात कुणीतरी भाडेकरू आहे!

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर तर मंगळाची छोटी प्रतिकृतीच म्हणा. बेसॉल्टवर उल्का आदळून झालेलं, पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंदीचं विवर. पाणी साबणाच्या फेसासारखं बुळबुळीत, खारट आणि अल्कधर्मी. जून २०२० मध्ये ते अचानक गुलाबी झालं. लोक घाबरले, कुणी कुणी देवाचा कोप म्हणाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून सांगितलं, की ही मिठाची आवड असलेल्या सूक्ष्म जीवांची कामगिरी आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं, क्षार वाढले, त्यांची चंगळ झाली आणि त्यांच्या रंगाने तळं रंगलं. पाऊस पडला, रंग उतरला.

मंगळावरचं जेझेरो विवर हेही एके काळी असंच पाण्याने भरलेलं तळं होतं. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये 'पर्सिव्हिअरन्स' ही गाडी उतरली. जुलै २०२४ मध्ये तिला जुन्या नदीच्या पात्रात एक खडक दिसला. त्यावर बिबट्याच्या कातड्यासारखे ठिपके! पृथ्वीवर असे ठिपके कधीकधी सूक्ष्म जीवांमुळे पडतात, कधीकधी जीवांशिवायही पडतात. सप्टेंबर २०२५ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यावर निबंध छापला. तिथेही शब्द जपूनच वापरले आहेत : 'जीवाची संभाव्य खूण'. त्या खडकाचा गाभा एका निर्जंतुक नळीत बंद करून ठेवला आहे. नळी मंगळावरच आहे. ती कधी काळी इथे आली, तर पहिला प्रश्न तोच विचारला जाईल, जो हैदराबादच्या कुप्यांना विचारला होता : आतलं खरं तिथलंच, की आपल्या हातचं?

दरम्यान आणखी एक टपाल वाटेत आहे. गुरू ग्रहाचा युरोपा नावाचा चंद्र आहे. वर बर्फाचं जाड कवच आणि आत समुद्र असावा, असा अंदाज आहे. कोयनेच्या खोलातल्यासारखाच काळोख, पण तिथे पाणीच पाणी. 'युरोपा क्लिपर' हे यान १४ ऑक्टोबर २०२४ रोजी तिकडे निघालं आहे. ते उतरणार नाही, जवळून पुन्हा पुन्हा घिरट्या घालून बर्फाखालचं पाणी जीवाला राहण्याजोगं आहे का, एवढंच तपासणार आहे. पोहोचायचं आहे २०३० मध्ये. तेव्हा तुम्ही कितवीत असाल, ते बोटांवर मोजून ठेवा.